वासरू आतून बोलतं तेव्हा

आमच्या तांबी गाईला भरवून, म्हणजे रेतन करून, आज २७८ दिवस झाले. रात्री दोनदा उठून गोठ्यात डोकावून आलो, ती आपली शांत उभी, रवंथ चालू, मी दिसलो तसे कान हलवले एवढंच. झोप काही येत नाही, मग म्हटलं बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते लिहूनच काढू. गाय गाभण राहते तेव्हा तिच्या अंगात काय काय चालतं, कुठलं हार्मोन कधी चढतं, कधी उतरतं, आणि गायी सांभाळणाऱ्याने हे का समजून घ्यायचं.

मला सुरुवातीला एवढंच ठाऊक होतं की गाय माजावर आली, भरवली, २१ दिवसांनी परत माज दाखवला नाही म्हणजे राहिली, मग नऊ महिने मोजायचे. बस्स. पण काही वर्षांपूर्वी आमची एक गाय चार महिन्यांची गाभण असताना हंबरायला लागली, दुसऱ्या गायींवर चढायला लागली, थोडा सोटही (माजातला चिकट स्राव) दिसला, आम्हाला वाटलं उलटली, म्हणजे गाभण न राहता परत माजावर आली. घाईघाईत परत भरवून घेतली, आधी तपासून घेऊ असं माझ्या तोंडातून निघालंच नाही. चार दिवसांनी सकाळी शेण काढायला गेलो तर तिच्या मागे मांजराएवढं वासरू पडलेलं. अंगावर अजून केस नाहीत, डोळे मिटलेले, पण चारी खूर नीट तयार झालेले, पिवळसर आणि हाताला मऊ. ते खूर माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. त्यानंतर मी डॉक्टरांना प्रश्न विचारायला लागलो, मिळेल ते वाचायला लागलो, आणि तेव्हापासून गाभण गाईकडे बघायची माझी नजरच बदलली.

तर पहिल्यापासून सांगतो. माज म्हणजे ईस्ट्रोजेनचा खेळ. बीजांडकोशावर पाण्याच्या फोडासारखा एक फॉलिकल वाढत असतो, आत स्त्रीबीज असतं, आणि तो फॉलिकल जसा मोठा होतो तसं तो ईस्ट्रोजेन रक्तात सोडतो. गाईचं हंबरणं, चढणं, चढू देणं, तो काचेसारखा सोट, सगळं त्याच्यामुळे. ईस्ट्रोजेन पुरेसं चढलं की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एलएच नावाच्या हार्मोनची एकदम उसळी मारते आणि त्या उसळीने फॉलिकल फुटून बीज बाहेर पडतं. हे होतं माज संपल्यावर साधारण दहा-बारा तासांनी, म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, असं जे सांगतात त्याचं कारण हे आहे.

फॉलिकल फुटला की त्याच जागेवर पीतपिंड तयार होतं, डॉक्टर सीएल म्हणतात ते. रंगाने पिवळसर, छोट्या गाठीएवढं. आणि ही एवढीशी गाठ पुढचं सगळं गाभणपण तोलून धरते, कारण ती प्रोजेस्टेरॉन बनवते. प्रोजेस्टेरॉन म्हणजे शांत करणारं हार्मोन. गर्भपिशवीचे स्नायू ते गप्प ठेवतं, पिशवीच्या तोंडाशी घट्ट चिकट बूच बसवतं म्हणजे बाहेरची घाण आत जायला नको, आणि पिशवीच्या अस्तरातून एक पोषक रस सुटायला लावतं. ह्या रसाला शास्त्रज्ञ चक्क गर्भाशयाचं दूध म्हणतात, पहिले काही आठवडे जेव्हा वार (भ्रूणाला आईशी जोडणारी प्लासेंटा) अजून धड चिकटलेली नसते तेव्हा भ्रूण ह्याच्यावरच जगतं. म्हणजे वासराला आईचं दूध जन्मानंतर मिळतं असं आपण म्हणतो, पण एक दूध त्याला त्याच्या कितीतरी आधी मिळालेलं असतं. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं.

आता खरी गंमत १६व्या दिवसाच्या आसपास आहे आणि हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. गाईचं शरीर काही भरवलंय की नाही हे लक्षात ठेवत नाही. १६-१७ दिवस झाले की पिशवी आपली ठरल्याप्रमाणे पीजी म्हणजे प्रोस्टाग्लॅंडिन सोडायची तयारी करते, ते पीजी शिरेतून शेजारच्या धमनीत झिरपून थेट बीजांडकोशाकडे जातं आणि पीतपिंड मारून टाकतं. पीतपिंड गेलं की प्रोजेस्टेरॉन गेलं, नवा फॉलिकल वाढला, परत माज. गाय उलटते ती अशी. हे थांबवायचं असेल तर आत कोणीतरी आहे हे पिशवीला कळलं पाहिजे, आणि ते कळवायचं काम आई करत नाही, भ्रूण स्वतः करतं. सातव्या दिवशी जेमतेम टाचणीच्या टोकाएवढं असलेलं भ्रूण १३-१४व्या दिवसानंतर सुतासारखं लांब व्हायला लागतं, १६-१७व्या दिवशी ते दहा-पंधरा सेंटीमीटर लांब धाग्यासारखं पिशवीत पसरलेलं असतं, आणि त्या सगळ्या लांबीभर ते इंटरफेरॉन टाऊ नावाचं प्रोटीन सोडत असतं. विषाणूंशी लढायला शरीर जी इंटरफेरॉन वापरतं त्याच कुटुंबातलं हे. १९८७ मध्ये मेंढीच्या भ्रूणावरच्या कामातून हे लक्षात आलं की अरे हे तर इंटरफेरॉन आहे. गाय, म्हैस, शेळी, मेंढी ह्या रवंथ करणाऱ्यांमध्येच ही भाषा चालते. माणसाचं भ्रूण वेगळा निरोप देतं, एचसीजीचा, जो आपण लघवीच्या पट्टीवर बघतो, आणि म्हणूनच ती पट्टी गाईला चालत नाही, बरेच जण विचारतात म्हणून सांगितलं.

हा निरोप पोचला की पिशवी पीजीच्या लाटा सोडत नाही, पीतपिंड वाचतं, प्रोजेस्टेरॉन चढलेलंच राहतं. निरोप कमी पडला, म्हणजे भ्रूण छोटं राहिलं, वाढायला उशीर झाला, तर ते जिवंत असूनही पिशवीला कळत नाही आणि सगळं वाहून जातं, आपल्याला फक्त दिसतं की गाय उलटली. बीज फळतं बऱ्याच वेळा, पण त्यातली बरीच भ्रूणं पहिल्या दोन-तीन आठवड्यातच जातात. म्हणून भरवल्यानंतर पहिला महिना मी गाईला अजिबात त्रास देत नाही, खाणं एकदम बदलत नाही, उन्हात तापू देत नाही, वाहनातून कुठे नेणं तर नाहीच. अंग तापलं की ह्या दिवसातलं भ्रूण टिकणं अवघड होतं.

आणखी एक गोष्ट जास्त दूध देणाऱ्या गायींची. अशी गाय खाते भरपूर, त्यामुळे तिच्या लिव्हरमधून रक्त भरपूर फिरतं, आणि लिव्हर प्रोजेस्टेरॉनचा निकाल लावते. म्हणजे पीतपिंड चांगलं मोठं असून रक्तात प्रोजेस्टेरॉन कमीच सापडतं. जास्त दुधाची गाय भरायला त्रास देते ह्याच्यामागे हे एक कारण आहे, दर वेळी दोष भरवणाऱ्याचा किंवा रेतनाच्या कांडीचा नसतो.

गाभण आहे का नाही हे ओळखायच्या टेस्ट पण ह्या हार्मोन्सवरच उभ्या आहेत. प्रोजेस्टेरॉन दुधात उतरतं, आणि ते फॅटमध्ये विरघळणारं असल्यामुळे दुधात चांगलं सापडतं. भरवल्यापासून २१ ते २४ दिवसांत दुधाचा नमुना तपासला आणि प्रोजेस्टेरॉन कमी आलं तर गाय नक्की राहिलेली नाही. जास्त आलं तर बहुतेक राहिलीये, पण छातीठोक सांगता येत नाही, कारण काही वेळा माजाचं चक्रच लांबलेलं असतं. दुसरी टेस्ट पीएजी ह्या गाभणपणातल्या प्रोटीनची, हे प्रोटीन वारेतल्या दोन केंद्रकं असलेल्या खास पेशी बनवतात, त्या पेशी आईच्या अस्तरात घुसून तिच्या पेशींशी एकजीव होतात आणि तिथून आपला माल आईच्या रक्तात सोडतात. भरवल्यानंतर २८ दिवसांनी रक्तात किंवा दुधात पीएजी बघता येतं. फक्त व्यायल्यानंतरही पीएजी दोन महिने तरी रेंगाळतं, त्यामुळे नुकत्याच व्यालेल्या गाईला लवकर भरवून टेस्ट केली तर जुन्या वारेचं पीएजी दाखवून फसगत होते.

आता त्या गाभणपणातल्या माजाकडे येतो. गाभण गाईच्या बीजांडकोशावर फॉलिकल वाढायचे थांबत नाहीत. एक लाट येते, फॉलिकल थोडे मोठे होतात, विरतात, परत दुसरी लाट, हे जवळजवळ शेवटच्या महिन्यापर्यंत चालू असतं. प्रोजेस्टेरॉन वर बसलेलं असल्यामुळे एलएचची उसळी येत नाही आणि बीज सुटत नाही. पण फॉलिकल आहे म्हणजे थोडं ईस्ट्रोजेन आहे, पुढे वारही ईस्ट्रोजेन बनवायला लागते, आणि एखाद्या गाईला तेवढ्याने माज दाखवायला पुरतं. शंभर गाभण गायींमध्ये चार-पाच तरी अशा निघतात. अशा वेळी भरवायची नळी आत गेली की ते बूच फुटतं आणि पुढचं तुम्हाला मी वर सांगितलंच.

तांबीनेही तेच केलं बरं का. चौथ्या महिन्यात, तसंच हंबरणं, तसंच चढणं. ह्या वेळी मी डॉक्टरांना म्हटलं आधी शेणाच्या वाटेने हात घालून बघा. त्यांनी बघितलं, थांबले, आणि मला म्हणाले, तुम्हीच हात घाला. हातमोजा चढवून हात आत घातला, त्यांनी बाहेरून सांगितलं इथे बाजूला, हाडाच्या जवळ, हलकेच धरा. पेन्सिलीएवढी धमनी बोटात आली आणि ती नुसती उडत नव्हती, थरथरत होती, पाण्याचा पाइप जोरात सोडला की हाताला जशी थरथर लागते तशी. पिशवीकडे जाणारं रक्त एवढं वाढलेलं असतं की ती थरथर बोटांना कळते. डॉक्टर म्हणाले, आहे, चार महिन्यांचं आहे, सोडा तिला. मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो.

ह्याच्याबरोबरच पीजीच्या इंजेक्शनचं सांगतो कारण ह्यात फार नुकसान होतं. माजावर आणायला पीजी देतात, ते पीतपिंड विरघळवतं. गाय साधारण पाच महिन्यांपर्यंत गाभण असेल आणि पीजी दिलं तर ती गाभडणार, कारण तोपर्यंत सगळं प्रोजेस्टेरॉन पीतपिंडाकडूनच येतं. मेंढीचं वेगळं, तिची वार ५० दिवसांनंतर स्वतःचं भागवते. गाईमध्ये वार आणि आईच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी हातभार लावतात पण तो बराच उशिरा, सहाव्या-सातव्या महिन्यानंतर. त्यामुळे तपासल्याशिवाय पीजी नाही, हा आमच्याकडे नियमच आहे. आणि हो, हे औषध कातडीतून आत जातं, घरातल्या गरोदर बाईने किंवा दम्याच्या माणसाने त्याला हात लावू नये.

पाचव्या महिन्यापासून दूध हळूहळू कमी व्हायला लागतं, त्याला वारेकडून वाढणारं ईस्ट्रोजेन बरंचसं कारणीभूत आहे. ह्यातलं ईस्ट्रोन सल्फेट नावाचं रूप शंभर दिवसांनंतर रक्तात, दुधात चांगलं सापडतं आणि ते असणं म्हणजे आतलं वासरू जिवंत असल्याची खूण. वार आणखी एक हार्मोन बनवते, प्लासेंटल लॅक्टोजेन, आणि ते, ईस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, प्रोलॅक्टिन, ग्रोथ हार्मोन सगळे मिळून कासेतलं दुधाचं कापड नव्याने विणतात. शेवटचे दोन महिने गाय आटवायची ती ह्यासाठी. कधी कधी लोक लोभापायी शेवटपर्यंत पिळतात, मला ते बघवत नाही, कास जुनी पेशी टाकून नवी बनवत असते आणि आपण तिला वेळच देत नाही. आटलेली गाय शेवटच्या दिवसात उन्हाने फार तापली तर वार नीट काम करत नाही, वासरू हलकं जन्मतं आणि पुढच्या वेतात दूधही कमी मिळतं. आटलेली आहे, दूध देत नाही, म्हणून तिला सावलीतून बाहेर बांधू नका.

जुळ्यांचं थोडं सांगून पुढे जातो. पोटात गोऱ्हा आणि कालवड असं जुळं असलं की दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या लवकरच जोडल्या जातात, आणि गोऱ्ह्याच्या वृषणातली हार्मोन्स बहिणीच्या रक्तात जातात, त्याने तिचे बीजांडकोश आणि पिशवी नीट घडतच नाहीत. अशा दहातल्या नऊपेक्षा जास्त कालवडी कधीच गाभण राहत नाहीत. फ्रीमार्टिन म्हणतात त्यांना. हे हार्मोनमुळे होतं असा विचार फ्रँक लिली ह्या शास्त्रज्ञाने १९१६ मध्ये मांडला होता, हार्मोन्सबद्दल तेव्हा किती कमी माहीत होतं बघा.

आता शेवट. इतकी वर्षं मला वाटायचं की दिवस भरले की गाय विते, म्हणजे ठरवते गायच. पण नाही, इथेही वासरूच ठरवतं. न्यूझीलंडमध्ये ग्रॅहम लिगिन्स नावाचे डॉक्टर होते, माणसांचे, प्रसूतीचे. बाळं वेळेआधी का जन्मतात हे शोधायला त्यांनी १९६० च्या दशकात मेंढ्यांवर काम केलं. पोटातल्या कोकराची पिट्युटरी ग्रंथी काढून टाकली तर मेंढी दिवस उलटून गेले तरी वितच नाही, आणि उलट कोकराला कॉर्टिसॉल (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड हार्मोन) वाढवणारं हार्मोन दिलं तर ती आधीच विते. गर्न्सी जातीच्या गायींमध्ये तर आपोआपच हा पुरावा सापडतो, काही वासरांत जन्मजात ही ग्रंथी बनत नाही आणि ती गाय मुदत संपली तरी गाभणच राहते. लिगिन्सना हेही दिसलं की अशी लवकर जन्मलेली कोकरं अपेक्षेपेक्षा चांगला श्वास घेतात, आणि १९७२ मध्ये त्यांनी आणि रॉस हॉवी ह्यांनी त्यावरून अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या फुफ्फुसांसाठी आईला स्टेरॉइड द्यायचा अभ्यास छापला. आज जगभर ते इंजेक्शन देतात. मेंढ्यांवरच्या कामातून माणसांची बाळं वाचली.

गाईत होतं असं की पोटात जागा कमी पडायला लागते, वासराचा मेंदू तयार होतो, त्याच्या पिट्युटरीतून एसीटीएच नावाचं हार्मोन आणि मग त्याच्या अ‍ॅड्रिनलमधून कॉर्टिसॉल वाढतं. ते वारेत जाऊन तिथली यंत्रणाच बदलून टाकतं, जी वार शेवटच्या काही महिन्यांत शांत करणारं प्रोजेस्टेरॉन बनवत होती ती आता त्याचं ईस्ट्रोजेन बनवायला लागते. ईस्ट्रोजेन चढलं की पिशवी जागी होते, पीजी सुटतं, आणि पहिल्यांदाच पीतपिंडाला जाऊ दिलं जातं. व्यायच्या एक-दोन दिवस आधी प्रोजेस्टेरॉन धाडकन पडतं. पिशवीचं तोंड मऊ होतं, निरण (योनीचं बाहेरचं तोंड) सुजल्यासारखी लोंबते, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूला खड्डे पडतात. वासरू तोंडाशी दाबलं गेलं की आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं, त्याने कळ येते, कळेने वासरू आणखी दाबतं, त्याने आणखी ऑक्सिटोसिन. ह्या वेळी गाय घाबरली, कुत्रं भुंकलं, गर्दी झाली, तर अ‍ॅड्रिनलिन सुटून कळा थांबतात. लांबून बघावं, शांत असावं.

ह्याच कारणाने गाभण गाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, स्टेरॉइडचं इंजेक्शन देताना दहा वेळा विचार करावा. पायाची सूज, ताप, काहीही असो, डेक्सा, म्हणजे कॉर्टिसॉलसारखंच काम करणारं स्टेरॉइड, दिलं की पिशवीला वाटतं वासराने निरोप दिला आणि गाय आधीच विते, अर्धवट वाढलेलं वासरू आणि वर वार अडकते, कारण वार सुटायची तयारी झालेली नसते. आमच्याकडे एकदा हे झालंय. ज्यांनी दिलं त्यांना गाय गाभण असल्याचं सांगितलं होतं.

प्रोजेस्टेरॉन पडलं आणि प्रोलॅक्टिन चढलं की दूध सुरू, तोपर्यंत कासेत चीक साठलेला असतो. गाईच्या वारेतून प्रतिकारशक्ती वासराला मिळत नाही, जे काही मिळतं ते चिकातूनच, आणि आतडं ते पहिल्या २४ तासांतच घेतं, पहिल्या सहा तासांत सगळ्यात चांगलं. दहा लिटर चिकात वीसएक ग्रॅम कॅल्शियम जातं आणि गाईच्या सगळ्या रक्तात मिळून तीन-चार ग्रॅमच असतं. हाडातून कॅल्शियम काढायला पॅराथायरॉइडच्या हार्मोनला दिवस-दोन दिवस लागतात, तेवढ्या वेळात म्हातारी गाय आडवी पडते, कान थंडगार, मान कुशीकडे वळवलेली. त्याच सुमाराला खाणं कमी झालेलं, इन्सुलिन उतरलेलं, चरबी वितळत असते. व्यायच्या आधीचे तीन आठवडे आणि नंतरचे तीन, ह्या सहा आठवड्यांत मी गाईला एकटं सोडत नाही.

गेले पाच दिवस रोज पहाटे त्याच वेळेला तांबीचं टेंपरेचर लिहून ठेवतोय. काल ३८.९, आज आत्ता ३८.३. व्यायच्या दिवसभर आधी अर्धा डिग्री उतरतं असं म्हणतात, प्रोजेस्टेरॉन पडल्याची ती बाहेरून दिसणारी खूण. शेपटीच्या दोन्ही बाजूचे हाडांना बांधणारे बंध परवा दोरीसारखे ताठ लागत होते, आज बोटाला लागतच नाहीत. सडांवर मेणासारखं काहीतरी चमकतंय. खाली कोरडं गवत जाड अंथरलंय, आयोडीनची बाटली आणि स्वच्छ फडकी दाराशी ठेवलीयेत, दिवा मंद केलाय. आत्ताच तिने एकदा शेपटी उचलून मागे वळून बघितलं, तर मी जातो.